बोर्डावरचा भाव

लातूर जिल्हा झाला तेव्हा पंचफुला निलंग्याच्या तहसील कचेरीत लिपिक होती. नव्या जिल्ह्याला नवी कार्यालयं लागली, कार्यालयांना माणसं लागली, आणि वर्षाच्या आतच तिची बदली लातूरला झाली. नवरा व्यंकटराव नांदेडला रेल्वेत होता. तो शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा आणि सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत जायचा. एकटीनं राहण्यापेक्षा बरं म्हणून तिनं निलंग्याहून आपल्या आईला, नागुबाईला सोबत आणलं आणि औसा रस्त्याच्या अंगाला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

लातुरात तेव्हा कुठल्याही गोष्टीचा भाव विचारला की एकच कारण ऐकू यायचं. मेथीची जुडी का महागली, तर जिल्हा झालाय. खोलीचं भाडं का वाढलं, तर जिल्हा झालाय. न्हाव्यानं केस कापायचे आठ आणे वाढवले तेसुद्धा जिल्हा झाला म्हणून. बदलून आलेले साहेबलोक मोटारी घेऊन बाजारात उतरत, त्यांना पाहून भाजीवाल्या एक भाव सांगत आणि मागून धोतर-टोपीवाला आला की दुसरा. सगळा बाजार माणसाच्या पायातल्या वहाणेकडं बघून तोंड उघडायचा.

गुरुपादप्पांचं भांड्यांचं दुकान तेवढं वेगळं होतं. गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेतून फुटणाऱ्या एका रस्त्याला ते जुनं दुकान होतं, आणि गल्ल्याच्या वर निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: 'एकच भाव. कृपया घासाघीस करू नये.' प्रत्येक भांड्याला कागदाची चिठ्ठी चिकटवलेली आणि चिठ्ठीवर शाईनं आकडा.

पंचफुलानं तो बोर्ड पहिल्यांदा वाचला तेव्हा ती रस्त्यातच थांबली होती.

त्याला कारण होतं. ती सात-आठ वर्षांची असताना माय तिला घेऊन निलंग्याच्या बाजारात जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं, पातेलं घ्यायला गेली होती. दुकानाच्या ओट्याखाली मायलेकी उन्हात उभ्या. ओट्यावर चढायचं नाही, पातेल्याला हात लावायचा नाही. वरच्या माणसानं भाव सांगितला तो एकदाच. 'काही कमी करा' म्हणायची सोय नव्हती, कारण तो मान वळवून दुसऱ्याशी बोलायला लागला होता. नागुबाईनं पैसे पायरीच्या दगडावर ठेवले, त्यानं त्यांच्यावर पाणी शिंपडून ते उचलले आणि पातेलं पायानं खाली सरकवलं. घरी आल्यावर कळलं की पातेल्याच्या बुडाला भोक आहे. परत नेऊन उपयोग नव्हता. तिनं हात लावलेलं भांडं तो परत घेणार नव्हता. भोकात चिंधी कोंबून नागुबाईनं त्यात पुढं किती वर्षं जवारी ठेवली. बाबासाहेबांच्या मागं धम्मात येऊन घराला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती, पण निलंग्याच्या बाजाराला ते कळायला आणखी वेळ होता.

म्हणून पंचफुलाला तो निळा बोर्ड दुकानदाराची जाहिरात वाटला नाही. त्याच्याखाली उभं राहिलं की तुम्ही कोण, कुठल्या, कुणाच्या, हे विचारायचं कुणाला कारण नव्हतं. आकडा भांड्यावर होता, माणसावर नव्हता. तेवढे पैसे गल्ल्यावर ठेवायचे, भांडं उलटंपालटं करून बघायचं आणि मान वर करून घरी यायचं. पहिल्या पगारातला स्टोव्ह तिनं तिथूनच आणला. मग डबे, ताटं, तांब्याचा हंडा, नणंदेच्या लग्नातला आहेर, सगळं तिथलंच. कचेरीतल्या बायका हसायच्या. 'काहीच मागत नाही का तुम्ही?' त्या विचारायच्या. 'बोर्ड आहे ना,' ती म्हणायची. न मागता घेण्यात तिला एक प्रकारचा थाट वाटायचा, हेही खरं.

जिल्हा झाल्यावरचा चौथा उन्हाळा आला तोच पाणी पळवत. आदल्या पावसाळ्यात धड पाऊस नव्हता. माघातच नळ आठवड्यावर गेला, आणि फाल्गुन लागला तेव्हा नुसती हवा सोडायला लागला. तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. त्या दिवशी गल्लीत घरोघरची भांडी रांगेला लागायची, हंडे, घागरी, बादल्या, कुणाचा कुकर, कुणाची पिठाची परात. टँकर दहा मिनिटं थांबायचा आणि ज्याचं भांडं मोठं त्याचं पाणी जास्त, असा सरळ हिशेब होता. पंचफुला कचेरीत असायची. साठीतली नागुबाई एकेक घागर उचलून आत नेईपर्यंत टँकर गेलेला असायचा.

पिंप घ्यायचं ठरलं. गुरुपादप्पांच्या दुकानात दाराशीच जस्ती पत्र्याची पिंपं मांडलेली तिनं पाहिली होती. चिठ्ठीवर आकडा होता पंच्याऐंशी. पगार झाल्यावर घेऊ म्हणून ती थांबली, आणि एप्रिलच्या दोन तारखेला कचेरी सुटल्यावर दुकानात गेली. पिंपं तीच होती. चिठ्ठी नवी होती. एकशेचाळीस.

'अप्पा, मागच्या महिन्यात पंच्याऐंशी होतं,' ती म्हणाली.

गुरुपादप्पा साठीला टेकलेले गृहस्थ होते. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आवाज कधी चढायचा नाही. 'नवा माल आहे बाई,' ते म्हणाले. 'वरूनच महाग आलाय.'

'हे नवं नाही. ह्याच्या काठाला हा पोचा तेव्हाही होता.' तिनं पोच्यावर बोट ठेवलं. नव्या चिठ्ठीच्या खालून जुन्या चिठ्ठीचा कोपरा दिसत होता, त्यावरचा आठसुद्धा.

गुरुपादप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला. 'उन्हाळा आहे, बाई. पिंप मिळतंय हेच बघा. पुढच्या आठवड्यात आलात तर दीडशे सांगेन, आणि त्याच्या पुढच्या आठवड्यात नाही म्हणेन.'

पाऊस पडला नाही म्हणून पत्रा काही जाड झाला नव्हता. पण टँकर दुसऱ्याच दिवशी यायचा होता. तिनं पैसे दिले. पिंप हातगाड्यावर घालून घरी नेताना रस्ताभर तिच्या डोक्यात तेच चाललं होतं. महागाची वस्तू महाग असायला तिची हरकत नव्हती. कापूस महागला, कापड महागलं, समजतं. पण जी वस्तू दुकानात पडूनच होती, जिचे पैसे अप्पांनी कधीच कुणाला देऊन टाकले होते, ती लोकांच्या घशाला कोरड पडली म्हणून महाग व्हावी, हे तिच्या गळी उतरेना. शेवटी एका गोष्टीवर तिनं मनाला थोपवलं. जे आहे ते सगळ्यांना आहे. कलेक्टरची बायको आली तरी एकशेचाळीसच.

तीन दिवसांनी टँकर कचेरीच्या वेळेआधी यायचा होता. रांगेत रुद्राणी तिच्या मागं उभी होती. रुद्राणी समोरच्या बंगलीत राहायची, तिचा नवरा बँकेत अधिकारी होता. बाई मनानं चांगली. नागुबाईला ताप आला होता तेव्हा तिनंच दोनदा पेज आणून दिली होती. तिच्या दारातही नवंकोरं पिंप होतं, तसंच, त्याच कारखान्याचा शिक्का असलेलं.

'तुम्हीही घेतलंत का, पंचफुलाताई? बरं केलं. केवढ्याला पडलं?'

'एकशेचाळीस.'

'एकशेचाळीस?' रुद्राणीनं हातातली बादली खाली ठेवली. 'कुठनं घेतलं?'

'गुरुपादप्पांकडून.'

'अहो, आम्हाला त्यांनी पंच्याण्णवला दिलं. रविवारीच. वर माणसाकडनं घरी पोचवून दिलं.'

'त्यांच्याकडं एकच भाव असतो. बोर्ड आहे तिथं.'

रुद्राणी हसली. वाईट हेतूनं नाही, लहान मुलाला हसावं तसं. 'तो बोर्ड येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतो, ताई. ह्यांच्या बँकेत अप्पांचं खातं आहे, आणि माझ्या माहेरकडूनही ओळख निघते. तुम्ही नुसतं म्हणायचं, अप्पा, नीट सांगा. ते सोडतात.'

'किती सोडतात?'

'तसं काही ठरलेलं नाही. माणूस बघून सोडतात.'

टँकर आला, नळी फिरली, पिंप भरलं. पंचफुलानं ते भरताना पाहिलं की नाही हे तिला नंतर आठवेना. घरात आली आणि फळीवरच्या भांड्यांकडं बघत उभी राहिली. स्टोव्ह, डबे, ताटं, हंडा. चार वर्षं एकेक वस्तू तिनं ताठ मानेनं घरी आणली होती, आणि चार वर्षं त्याच दुकानात तिच्या आगेमागे उभी असलेली माणसं हळू आवाजात 'अप्पा, नीट सांगा' म्हणून वेगळ्या भावानं नेत होती. तिला माहीत नव्हतं एवढंच. ह्यातल्या कुठल्या भांड्यावर किती जास्त गेले, हे आता कधी कळणार नव्हतं, आणि म्हणून सगळीच भांडी एकदम खोटी वाटायला लागली.

शनिवारी व्यंकटराव आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि बूट काढता काढता म्हणाला, 'नांदेडला नव्वदला मिळायलंय. सांगितलं असतं तर एसटीच्या टपावर टाकून आणलं असतं.'

'तेवढंच सुचतंय का तुम्हाला?'

'मग काय करायचं? पंचेचाळीस रुपयांसाठी बाजारात भांडायचं? सरकारी नोकर तू. लोक काय म्हणतील?'

'पंचेचाळीस रुपयांचं नाहीये ते.'

'मग कशाचं हाय?'

नागुबाई कोपऱ्यात तांदूळ निवडत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, 'माणूस बघून सोडतो म्हनली का ती?'

'हाव, माय.'

'मंग तुला बघून सोडलं न्हाई त्यानं.' म्हातारीनं सूप खाली ठेवलं. 'उद्या जायचं असंल तर म्या येते.'

रविवारी सकाळी पिंप रिकामं करून, पुसून, परत हातगाड्यावर चढवलं. व्यंकटराव आला नाही. दुकानासमोर पोचल्या तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि दुकानात गर्दी होती, त्यातली निम्मी पिंपासाठीच आलेली. दाराशीच एक शेतकरी आपल्या पिंपाला दोर बांधत उकिडवा बसला होता.

पंचफुला सरळ गल्ल्याशी गेली. तिनं आवाज चढवला नाही. 'अप्पा, हे पिंप मला एकशेचाळीसला दिलंत आणि बँकेतल्या साहेबांच्या घरी पंच्याण्णवला. का ते सांगा.'

गुरुपादप्पांनी आधी तिच्याकडं, मग दारातल्या पिंपाकडं पाहिलं. 'बाई, आत या, बसा. चहा घ्या.'

'चहा नको.'

'त्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या घरातल्या दोन लग्नांची भांडी माझ्याकडून गेली. धंद्यात ओळखपाळख बघावी लागते.'

'मीही चार वर्षं तुमच्याकडूनच घेते.'

'घेता, पण तुम्ही कधी मागितलंच नाही.' हे त्यांनी अगदी मनापासून सांगितलं. 'मागितलं असतं तर तुम्हालाही सोडले असते. न मागणाऱ्याला कोण सोडतं?'

'मागू नका असं तुम्हीच लिहिलंय.'

ती बोर्डाकडं बघत नव्हती, पण दुकानातले सगळे बघायला लागले. गुरुपादप्पांनी गल्ला उघडला, त्यातून पंचेचाळीस रुपये मोजून काढले आणि तिच्यासमोर ठेवले. 'घ्या. तुम्हालाही पंच्याण्णव. आता झालं?'

हात पुढं करायचाच बाकी होता. तेवढ्यात दाराशी दोर बांधणारा माणूस उठून उभा राहिला. डोक्याला पटका, पायात टायरच्या चपला. 'अन् मला किती, अप्पा?' त्यानं विचारलं. 'म्या आत्ताच एकशेचाळीस देऊन बसलोय.'

'तुमचा सौदा झाला, ग्यानोबा. तुम्ही खुशीनं दिले.'

पंचफुलानं हात मागं घेतला. गल्ल्यावरच्या त्या नोटा उचलल्या की ती रुद्राणी होत होती. दाराशी उभा असलेला माणूस जिथल्या तिथं राहत होता. 'आधी त्यांना द्या,' ती म्हणाली.

'त्यांचा संबंध नाही, बाई.'

'तुम्ही बोला ना,' ती त्या माणसाकडं वळली. 'तुमचेही पंचेचाळीस जास्त गेलेत. परत मागा.'

ग्यानोबाचा चेहरा बदलला. त्यानं दुकानातल्या माणसांकडं पाहिलं, आपल्या पिंपाकडं पाहिलं. राग आलेला दिसत होता, पण तो गुरुपादप्पांचा नव्हता. 'म्या किल्लारीहून आलो, बाई,' तो म्हणाला. 'दुसऱ्या दुकानात आमाला गंडवत्यात. हितं बोर्ड हाय म्हनून आलो. म्या देले ते बोर्डाचे देले. तुमी आता मला येडा करायलाव चार मान्सांत.'

'मी नाही करत. ह्यांनी...'

'घरी जाऊन मला बायकोला भाव सांगायचा हाय,' तो म्हणाला. 'आता काय सांगू?' त्यानं पिंप खांद्यावर टाकलं आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागला. पंचफुलानं दोनदा हाक मारली. तो वळला नाही.

जे तिच्या बाबतीत झालं तेच त्याच्या बाबतीत झालं होतं, आणि तेही बरोबर त्याच बोर्डापायी. टँकरच्या रांगेत रुद्राणीनं पंच्याण्णव म्हटलं तेव्हा तिलाही पहिला राग रुद्राणीचाच आला होता, हे तिला आठवलं, आणि त्यानं तिचा संताप कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. माणसाला फसवायचं ते फसवायचं, वर फसल्याची लाजही त्याच्याच पदरात घालायची.

'हे पिंप परत घ्या,' ती म्हणाली. 'माझे एकशेचाळीस द्या.'

'विकलेला माल परत घेत नाही आम्ही.' आता गुरुपादप्पांचा आवाज कोरडा झाला. 'पावतीवर छापलंय.'

'ते सगळ्यांना सारखंच, का तेही माणूस बघून?'

कुणीतरी फिसकन हसलं. गुरुपादप्पांनी पंचेचाळीस रुपये उचलून परत गल्ल्यात टाकले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले. अगदी तसंच, मान वळवून.

आतापर्यंत नागुबाई पायरीशी उभी होती. तिनं ती मान वळलेली पाहिली. हातगाडीवाल्याला सांगून तिनं पिंप खाली उतरवलं, दुकानाच्या दाराच्या अगदी मधोमध पालथं घातलं, लुगडं सावरलं आणि त्याच्यावर बसली.

'माय, हे काय?'

'पाय दुखायलेत,' नागुबाई म्हणाली. मग तिनं आत येणाऱ्या एका बाईला थांबवलं. 'काय घेतीस बाई? पिंप का? बँकवालीला पंच्याण्णवला देलंय ह्यानं. इचारून घे.'

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. वाट विचारणाऱ्याला वाट सांगावी तसं ती सांगत होती. दुसरी बाई आली, तिलाही सांगितलं. तिसरा एक मास्तर होता, त्यालाही. कुणी हसून आत जायचं, कुणी आत जाऊन लगेच पंच्याण्णवचा हेका धरायचं. एक धोतरवाले शेठ म्हणाले, 'म्हातारे, बाजार असाच असतो, त्याला कोण काय करणार.' त्यांनाही तिनं सांगितलं, 'तुमीबी इचारून घ्या.' आत गुरुपादप्पा एकेकाला समजावत होते आणि प्रत्येकाला एकच गोष्ट समजावावी लागत होती. पंचफुलाला आधी शरम वाटली. कचेरीतलं कुणी बघेल म्हणून तिनं पदर ओढून घेतला. मग शरम वाटल्याचा राग आला आणि ती आईशेजारी येऊन उभी राहिली.

अकरा वाजता ऊन दारात आलं. गुरुपादप्पा स्वतः बाहेर आले. त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. 'अव्वा, ऊन लागेल. पाणी घ्या आणि घरी जावा.'

नागुबाईनं पेला घेतला. थोडा वेळ तिनं तो नुसता हातात धरला, त्यांच्या बोटांच्या खुणा अजून ओल्या होत्या त्यावर. मग सगळं पाणी प्याली आणि पेला त्यांच्या हातात परत दिला. 'पानी पिते, अप्पा. उठत न्हाई.'

'अव्वा, मी काय तुमच्याशी वाईट वागलो का कधी? दुकानात कुणाला अडवलं?'

'न्हाई अडवलं. ते खरं हाय.' नागुबाई म्हणाली. 'आमच्या वक्ताला दुकानदार तोंडावर सांगायचा, तुला हाच भाव. वाईट वाटायचं, पन ठावं असायचं. तुमी लेकराला माझ्या चार वर्सं ठावंच होऊ देलं न्हाई.'

गुरुपादप्पा रिकामा पेला घेऊन आत गेले. गल्ल्याशेजारच्या खुर्चीतून त्यांना दारात थांबून परत जाणारी गिऱ्हाइकं दिसत होती. साडेबारा झाले असतील, त्यांनी गड्याला हाक मारली आणि पिंपांवरच्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. नव्या चिठ्ठ्यांवर स्वतःच्या हातानं शंभर लिहिलं. पंचफुलाला चाळीस रुपये परत दिले.

'ग्यानोबांचे?' तिनं विचारलं.

'आला तर देईन.'

'तो येणार नाही. तुम्हाला माहीत आहे.'

'मग मी काय किल्लारीला जाऊ?' ते म्हणाले. तिला त्याचं आडनावही माहीत नव्हतं, आणि तो ज्या गाडीनं गेला ती केव्हाच औशाच्या पुढं गेली असेल.

त्या दिवसाचं कौतुक फार टिकलं नाही. रुद्राणीनं बोलणं सोडलं. 'बँकवाली' म्हणून भरबाजारात आपलं नाव घेतलं, ह्याचा तिला राग होता, आणि तिच्या जागी कुणालाही आला असता. कचेरीत साहेबांनी एकदा विचारलं, 'काय हो, बाजारात मोर्चा काढला म्हणे?' आणि पुढच्या आठवड्यात गुरुपादप्पांच्या दुकानातून बोर्ड निघाला, चिठ्ठ्याही निघाल्या. आता तिथंही तोंडी भाव. ज्यांना मागता येत होतं त्यांचं काही बिघडलं नाही. ज्यांना येत नव्हतं त्यांची तेवढी उरलीसुरली सोय गेली. वस्तीतली लक्ष्मीबाई, बांधकामावर विटा वाहणारी, स्टोव्ह घ्यायला गेली तर तिला ब्याऐंशी सांगितले. तिनं दिले आणि घरी येऊन पंचफुलाला म्हणाली, 'पोरी, आदी चिठ्ठी तरी दिसायची. आता त्याच्या तोंडाकडं बघावं लागतंय.'

रविवारी सकाळी पंचफुला लक्ष्मीबाईला घेऊन दुकानात गेली. गुरुपादप्पांनी तिला पाहिलं आणि दुरूनच हात वर केला. 'या बाई. तुम्हाला काय तो शेवटचाच भाव सांगतो, घोळ नको. काय पाहिजे?'

'स्टोव्ह केवढ्याला?'

'सत्तर. तुम्हाला.'

'तुम्हाला' हा शब्द तिला टोचला. आता तीही त्यांच्या लेखी माणूस बघून सोडण्यातली झाली होती. 'ह्यांना ब्याऐंशीला दिलात,' ती म्हणाली आणि लक्ष्मीबाईला पुढं केलं. 'बारा रुपये द्या.'

त्यांनी बारा रुपये दिले. वाद घातला नाही. लक्ष्मीबाईनं ते पदराच्या टोकाला बांधले आणि ती निघायच्या घाईत होती, पण पंचफुला हलली नाही. शेजारी एक खेड्यातली बाई तांब्याची घागर हातात घेऊन बुडाकडून निरखत होती. पंचफुला तिच्याकडं वळली.

'मावशी, ही केवढ्याला सांगितली तुम्हाला?'

'बाई,' गुरुपादप्पा गल्ल्यावरून थकल्या आवाजात म्हणाले, 'अजून तुमचं समाधान झालं नाही का?'

'नाही, अप्पा,' ती म्हणाली, आणि त्या बाईच्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.